बाळ नेमकं कशाने जातं? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात नवजात बाळांच्या मृत्यूंवर दोन पानं लिहिली होती, त्यावर खूप पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर त्याहून जास्त. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून पाच प्रश्न घेतेय. मी बालरोगतज्ज्ञ, आणि नोकरीची बरीच वर्षं विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील. पत्र पाठवणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : दर पावसाळ्यात पेपरात येतं, "मेळघाटात कुपोषणाने इतकी बालकं दगावली". मी कॉलेजात होतो तेव्हापासून हेच वाचतोय. खरंच मुलं उपाशी मरतात का? आणि एवढ्या योजना असूनही हे थांबत कसं नाही? (एक वाचक, पुणे)

तुमचं बरोबर आहे, १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गाजली, त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी आरोग्य आणि पोषणाची कामं एकत्र आणणारी नवसंजीवन योजना आली, आणि ते मथळे आजही जवळपास तसेच छापतात. पण त्या मथळ्यातला "कुपोषणाने" हा शब्द मला नेहमी खटकतो, कारण तो खोटा नसला तरी अर्धाच आहे, आणि त्या अर्ध्या शब्दामुळे सगळं लक्ष खिचडीवर आणि पोषण आहाराच्या पाकिटावर जातं.

कागदावर मृत्यूचं एक कारण लिहायचं असतं, प्रत्यक्षात मात्र कारणांची साखळी असते. समजा मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची कोरकू आदिवासी बाई आहे. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत मजुरीला बाहेर गेली, तिथेच दिवस राहिले, तिथे ना अंगणवाडी ना नर्सबाई. तिचं स्वतःचं वजन अडतीस-चाळीस किलो, रक्त कमी. बाळ जन्मलं तेच पावणेदोन-दोन किलोचं. अशा बाळाला चोखायला ताकद नसते, अंगावर चरबी नसते म्हणून ते लवकर गार पडतं. तेही जगलं समजा. पुढे सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू व्हायला हवं, पण आई शेतात आणि बाळ सांभाळायला सहा वर्षांची बहीण, म्हणून ते नुसत्या दुधावर राहतं. मग जुलै उजाडतो. घरातलं धान्य संपत आलेलं, विहिरीत गढूळ पाणी, जुलाब सुरू होतात, आठवड्याने ताप येतो, मग छाती भरते. नाल्याला पूर असतो म्हणून दोन दिवस निघता येत नाही. तिसऱ्या दिवशी बाळ दवाखान्याच्या दारातच जीव सोडतं. आता यात कारण काय लिहाल? न्यूमोनिया लिहिलं तरी खरं, कुपोषण लिहिलं तरी खरं, आणि पूल नसणं लिहायला तर फॉर्मवर रकानाच नाही.

निव्वळ उपासमारीने मूल जाणं फार विरळ. कुपोषण काय करतं, तर साध्या आजाराला जीवघेणा बनवतं. धडधाकट मूल जुलाबातून तीन दिवसांत उठतं, तोच जुलाब तीव्र कुपोषित मुलाला घेऊन जातो. अशा मुलाचा मृत्यूचा धोका चांगल्या वजनाच्या मुलाच्या नऊ ते अकरा पट असतो असं अभ्यास सांगतात. जगभरात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो तो असा, मागून.

आता योजनांचं. हे वाक्य जरा नीट वाचा कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ मध्ये भारतात हजार जिवंत जन्मांमागे १०९ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती, २०१९-२१ मध्ये तो आकडा ४२ वर आला, महाराष्ट्रात २८. म्हणजे काहीच झालं नाही असं अजिबात नाही, लसी, ओआरएस, अँटिबायोटिक, रस्ते, मुलींचं शिक्षण, सगळ्याचा वाटा आहे. पण त्या ४२ पैकी साधारण २५ बाळं पहिल्या २८ दिवसांतच गेलेली होती. जगातही तेच चित्र, २०२२ मध्ये पाच वर्षांखालची सुमारे ४९ लाख मुलं गेली, त्यातली २३ लाख पहिल्या महिन्यात. आणि महिन्याभरात जाणाऱ्यांपैकी चारातली तीन पहिल्याच आठवड्यात. आठ महिन्यांच्या मुलाला अंगणवाडीत सकस आहार द्या, द्यायलाच पाहिजे, पण तिसऱ्या दिवशी गेलेल्या बाळापर्यंत तो आहार पोचतच नाही. त्याच्यासाठी आईला आधी जेवायला मिळायला हवं, म्हणून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळ गरम ताट देणारी अमृत आहार योजना मला योग्य जागी हात घातल्यासारखी वाटते, ती पूर्ण ताकदीने चालली पाहिजे. आणि दुसरं, त्या पहिल्या आठवड्यात बाळाजवळ शिकलेलं कुणीतरी असायला हवं.

प्रश्न : डॉक्टर ताई, माझी सून बाळंत झाली. हॉस्पिटलवाले म्हणतात लगेच अंघोळ नको, मध नको, गुटी नको. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच केलं आणि माझी चार मुलं ठणठणीत आहेत. मग आत्ताच काय झालं? (एक आजी, बीड जिल्हा)

आजी, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलं, कारण बहुतेक घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही, नुसतं भांडण होतं आणि सून गप्प बसते.

तुमची चार जगली याचा मला आनंदच आहे. पण तुमच्या सासूबाईंची, आत्यांची, शेजारच्या घरांची मिळून मुलं मोजा, त्यात "एक पाचवीलाच गेलं", "एक बारशाच्या आधी गेलं" असं किती वेळा येतं बघा. आपण जगलेल्यांना मोजतो, गेलेल्यांचं नावसुद्धा ठेवलेलं नसतं म्हणून ते मोजणीत येत नाहीत. (पाचवीची पूजा मला कधी थोतांड वाटली नाही, पाचव्या-सहाव्या दिवशी जीव धोक्यात असतो हे आपल्या बायकांना कुठल्याही पाहणीशिवाय माहीत होतं.)

आता एकेक घेऊ. पोटात बाळ ३७ डिग्रीच्या उबेत असतं, बाहेर आल्यावर ओलं अंग, त्यात अंघोळ घातली की ते झपाट्याने गार पडतं, आणि गार पडलेलं बाळ चोखत नाही, चोखलं नाही की साखर उतरते. म्हणून किमान पहिले २४ तास अंघोळ नाही, नुसतं कोरडं पुसायचं, टोपडं घालायचं आणि आईच्या छातीशी. वजन कमी असेल तर अंघोळ अजून पुढे ढकला, आशाताईंना विचारून. मध, गुटी, साखरेचं पाणी यातून जंतू जातात आणि पोट भरल्यासारखं झालं की बाळ दूध ओढत नाही. पहिला पिवळा चीक पिळून टाकू नका, बाळाची पहिली लस समजा त्याला. नाळेला हळद, तेल, राख काही नाही, कोरडी ठेवायची. आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी. ऊब पाहिजे हे तुमचं शंभर टक्के खरं, पण बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला सोसत नाही, त्यापेक्षा आईच्या अंगाची ऊब घ्या.

तेलाचा हलक्या हाताने मसाज, आईला चाळीस दिवस विश्रांती, डिंकाचे-अळिवाचे लाडू, बाहेरच्यांची गर्दी नको, हे तुमचं सगळं ठेवा. तुमच्या हातात घर आहे आजी, तुम्ही सुनेला म्हणालात "नको घालू अंघोळ" की विषय संपला, माझ्या सांगण्याने तसं होत नाही.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गडचिरोलीत डॉक्टर नसताना बालमृत्यू कमी केले असं शिकवतात, पण नेमकं काय केलं ते एका ओळीत संपवतात. जरा सविस्तर सांगाल? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

आनंदाने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आधी हात घातला न्यूमोनियाला. तिकडे त्याला डब्बा म्हणतात, बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जातात, पोट उडतं. एक्स-रे आणि स्टेथोस्कोप नसताना न्यूमोनिया ओळखायचा कसा, तर श्वास मोजून. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर उपचार सुरू. आता ज्या दाईंना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी मण्यांचं मोजयंत्र केलं, ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा, बाजूला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, मणी ठरलेल्या खुणेपुढे गेला की डब्बा समजायचं. मला हे आजही भारी वाटतं, कारण इथे बाईला कमी समजून सोडून न देता वस्तू तिच्या हाताला येईल अशी केली. १९९० मध्ये हा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, न्यूमोनियाचे मृत्यू स्पष्ट कमी झाले होते.

पण पहिल्या महिन्यातले मृत्यू हटेनात. त्या वेळचं शहाणपण असं होतं की नवजात बाळाचं काम हॉस्पिटलचं, काचेची पेटी, ऑक्सिजन, तज्ज्ञ. आणि बाळं जन्मत होती घरात. १९९५-९६ मध्ये त्यांनी ३९ गावांत ७६३ नवजात बाळांना घरी जाऊन जाऊन बघितलं. ९५ टक्के घरीच जन्मलेली, साधारण ४२ टक्के अडीच किलोच्या आतली, आणि निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज असताना डॉक्टरी मदत मिळालेली शंभरात तीनही नाहीत.

मग गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडली, तिला आरोग्यदूत म्हटलं. प्रसूतीच्या वेळी हजर राहायचं, बाळ रडलं नाही तर बॅग-मास्कने श्वास द्यायचा, वजन करायचं, तापमान घ्यायचं, छोट्या बाळाला उबेची पिशवी, दूध पाजायला मदत, आणि पुन्हा पुन्हा घरी जाऊन बघायचं. आधी छान चोखणारं बाळ आता चोखत नाही, रडणं बारीक झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागतं, अशी लक्षणं दिसली की जंतुसंसर्ग समजायचा, हॉस्पिटलला चला म्हणायचं, आणि घरचे नाहीच म्हणाले तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोल, दोन्ही अँटिबायोटिक. गावातली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देणार यावर त्या काळी किती डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या असतील विचार कर. निकाल असा, सुरुवातीला हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला, त्याच वेळी जिथे हे काम केलं नव्हतं अशा तुलनेच्या ४७ गावांत तो ५९.६ होता. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. आणि २०११ पासून हेच आशांच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर सुरू झालं, ४२ दिवसांत दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात.

एक माझं मत, परीक्षेत लिहू नकोस पण लक्षात ठेव. देशभर नेताना भेटी नेल्या, सोबतचं प्रशिक्षण आणि पाठीशी उभं राहणारं माणूस मात्र बऱ्याच ठिकाणी पातळ झालं. सहा भेटी पूर्ण करणाऱ्या आशाला २५० रुपये मिळतात. तिच्या वजनकाट्याचा सेल गेला तर तो कुणी बदलायचा यावर महिना जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न : मला हे लिहितानाही हात थरथरतोय. माझं दुसरं बाळ आठव्या महिन्यात झालं, १६०० ग्रॅमचं. आमच्या इथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, साठ किलोमीटर, वाटेतच गेलं. चार दिवसांचं होतं. सासू म्हणते शेवटपर्यंत कापूस वेचायला गेलीस म्हणून झालं, आणि आठव्याचं जगतच नाही, सातव्याचं जगतं. माझी चूक होती का? (एक आई, यवतमाळ जिल्हा)

नाही. ताई, तुमची चूक नव्हती.

आधी ते सातव्या-आठव्याचं काढून टाकू, कारण मी स्वतः हे शेकडो वेळा ऐकलंय आणि त्याने फार नुकसान होतं, लोक आठव्याच्या बाळासाठी धडपडच करत नाहीत. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाचं फुप्फुस पक्कं करतो, त्यामुळे आठव्या महिन्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यापेक्षा नेहमीच जास्त. १६०० ग्रॅमची बाळं जगतात, आमच्याकडून अशी कितीतरी घरी गेलीत.

कापूस वेचला म्हणून झालं असं कुणालाही ठामपणे म्हणता येणार नाही. लवकर कळा येण्याची कारणं खूप, रक्त कमी असणं, लघवीचा संसर्ग, बीपी, दोन बाळांत कमी अंतर, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. आणि तुम्ही हौसेने गेला होतात का शेतात? वेचणीच्या दिवसांत घरी बसलं तर आठवड्याचा बाजार होत नाही, हे सासूबाईंनाही माहीतच आहे. त्यांचंही नातवंड गेलंय, दुःखाला कुणीतरी दोषी हवं असतं आणि घरात सगळ्यात जवळची सून असते.

तुमच्या पत्रात मला जास्त दिसतो तो रस्ता. एवढं लहान बाळ साठ किलोमीटर न्यायचं तर पाठवणाऱ्यांनी ते तुमच्या छातीशी उघड्या अंगाला बांधून, वरून पांघरूण घालून, गाडीत पूर्ण वेळ तसंच ठेवायला सांगायला हवं होतं, आणि पुढच्या दवाखान्याला फोन करायला हवा होता. याला कांगारू मदर केअर म्हणतात, १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळं उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडायला लागल्या म्हणून एडगर रे या डॉक्टरांनी सुरू केलं. २०२१ मध्ये पाच देशांतला एक मोठा अभ्यास आला, त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटलही होतं, जन्मल्याबरोबर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू साधारण २५ टक्क्यांनी कमी झाले. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ती चूक आमच्या बाजूची आहे.

पुढचं बाळ हवं असेल तर घाई नको, मध्ये दोन-तीन वर्षं जाऊ द्या, रक्त वाढवा. दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला मागच्या बाळाचं सांगा आणि कार्डावर लिहून घ्या. दिवस भरायच्या आधी पोटात कळा आल्या किंवा पाणी गेलं तर वाट बघू नका, लगेच निघा, कारण वेळेत पोचलात तर आईला एक इंजेक्शन देतात, डेक्सामेथासोन, त्याने बाळाचं फुप्फुस लवकर तयार होतं. आणि सातवा लागला की गाडीचा नंबर, थोडे पैसे आणि सोबत येणारं माणूस, तिन्ही ठरवून ठेवा.

प्रश्न : ताई, मी आशा आहे. गावात वर्षभरात १४ बाळंतपणं झाली, एक बाळ गेलं. मीटिंगमध्ये सांगितलं तुमच्या गावाचा दर ७१ आहे, राज्यात सगळ्यात वाईट. सगळ्यांसमोर उभं केलं. ते बाळ जन्मल्यावर एकदा रडलं होतं आणि पंधरा मिनिटांत गेलं. एक जण म्हणाले उपजत मृत लिहून टाका, म्हणजे दरात येणार नाही. काय करू? (आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा)

ताई, आधी गणित. एक भागिले चौदा गुणिले हजार, ७१ येतं, बरोबर आहे. पण दर हजारी ही मोजणी जिल्ह्यासाठी, निदान मोठ्या लोकसंख्येसाठी असते. चौदा जन्मांत एक मृत्यू झाला की ७१, एकही नाही झाला की शून्य, पुढच्या वर्षी तुमचं गाव राज्यात पहिलं येईल आणि त्यातही तुमचं कौतुक करण्यासारखं काही नसेल. एका गावाचा असा दर काढून माणसाला उभं करणं चुकीचं आहे, हे पान त्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलंत तरी चालेल.

पण या अशा मीटिंगांमुळेच खरं नुकसान होतं. दर वाढला की बोलणी बसतात, म्हणून बाळं कागदावरून गायब होतात, कुणी उपजत होतं, कुणाची नोंदच होत नाही, कुणी "माहेरी गेली होती, तिकडचं आहे" म्हणून ढकललं जातं. मग कागद म्हणतो या भागात पहिल्या दिवसाचे मृत्यू कमी, आणि कागद बघून वर ठरतं की इथे श्वास द्यायच्या बॅगेची, जास्तीच्या नर्सची गरज नाही.

तुमचं बाळ रडलं होतं. एकदा रडलं, एक श्वास घेतला, छातीत धडधड होती, नाळेत ठोका होता, हात हलवला, यातलं एक जरी झालं तरी ते जिवंत जन्म. उपजत नाही. जन्माच्या रजिस्टरात त्याचा जन्म लिहा, वेळ टाका, मुलगा की मुलगी ते लिहा, वजन केलं असेल तर वजन. मग मृत्यूच्या रजिस्टरात पंधरा मिनिटांनंतरची वेळ. आईला आणि तिथे हजर असलेल्या बाईला विचारून बाळ कसं दिसत होतं, रंग कसा होता, किती वेळ कळा चालल्या, पाण्याचा रंग कसा होता हे चार ओळींत लिहून ठेवा, बालमृत्यू अन्वेषणाला, म्हणजे बाळ कशाने गेलं याच्या चौकशीला कुणी आलं तर हेच उपयोगी पडेल. आणि त्या आईकडे तुमच्या भेटी बंद करू नका, बाळ नाही म्हणून फॉर्म बंद होतो पण तिला दूध येत असेल, छाती दुखत असेल, अंगावरून जात असेल. उद्याच जाऊन या.